नव्व्याण्णव काजं

बांगड्या भरायला कासार आला की माझ्यापाशी येऊन अडतो. डाव्या हाताला नीट बसणारी बांगडी उजव्या हातात जातच नाही. नवखा असला तर विचारतो, "आजी, या हाताले काय झालं?" मी म्हणते, "काही नाही बाप्पा. हा हात सासरी नांदला, तो माहेरीच राहिला." तो हसतो आणि पेटीतून मोठं माप काढतो. सुना आतून ओरडतात, "सरळ सांगा ना मशीनचा दांडा फिरवून झालं म्हणून!" पण सरळ सांगितलं तर पोरीची फजिती सांगावी लागते. आणि ती पोर मीच.

आता म्हातारपणी नातवाच्या पाटीवर अक्षरं शिकले आहे, तर तीही सांगून टाकते.

माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं, आणि दोन्हीकडे धंदा एकच, शिंप्याचा. पुरुषांनी बेतायचं, कापायचं, शिवायचं. बायकांनी आत बसून तुरपाई करायची आणि काजं करायची. काजं म्हणजे बटणाची भोकं. तीही आधी फारशी नसत. लोक बंद बांधत. छातीवर दोन नाड्यांची गाठ मारली की माणूस सजला. बटणं लावून हिंडणारे म्हणजे कचेरीतले दोन-चार कारकून, तेवढ्यांची काजं घरातली एखादी बाई भाजी शिजेपर्यंत करून टाकी.

मला मात्र काजाचा भारी गर्व. आईनं शिकवलं होतं, टाक्याला टाका असा भिडला पाहिजे की मधून मुंगीनं डोकं काढू नये. लग्न होऊन आले तेव्हा बारा वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणे, एक बाही माझ्यापुढे टाकली आणि परीक्षा म्हणून एक काज करायला सांगितलं. मी ते केलं. त्यांनी उजेडात धरून उलटंसुलटं पाहिलं, त्यांना नाव ठेवायला जागा सापडली नाही. तेवढ्यावर गप्प बसावं की नाही? ही शहाणी म्हणाली, "आणखी द्या."

त्यांनी दिली. मग देतच राहिल्या.

कारण त्याच सुमाराला कापसाला भाव आला. साता समुद्रापलीकडे कुठे तरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली आहे आणि तिकडचा कापूस यायचा बंद झाला आहे, असं लोक सांगत. लढाई कोणाची नि कशासाठी, आम्हाला काय ठाऊक! आमच्या ओसरीवर एवढंच दिसलं की काल उघड्या अंगानं शेतात डवरा हाकणारा माणूस आज येऊन बटणांचा कोट मागतो. आणि कोट मागून थांबत नाही. "त्या शेजाऱ्याच्या कोटाले सहा बटणं हायेत, माह्या कोटाले सात लाव." एकानं तर पोळ्यासाठी बैलांच्या झुलीला बटणं लावायला सांगितली. माझे सासरे, म्हणजे मामाजी, हात जोडून म्हणाले, "भाऊ, बैलाले काज कशाले?" तर तो म्हणतो, "माणसाले असते तं बैलाले काहून नाही? कापूस कोण वाहून नेते, तुमी का तो?" त्या झुलींची काजं मीच केली. बैलानं पोळ्याच्या दिवशी चाटून भिजवली, एवढं कौतुक माझ्या वाट्याला आलं.

मग घरात मशीन आलं. कापसाच्या खरेदीला आलेला एक साहेब बिऱ्हाड मोडून निघाला, त्याच्या बायकोचं हे मशीन मामाजींनी घेतलं. शेळीच्या पिल्लाएवढं, काळं, मान वाकवून उभं. वर एकच रीळ, बाजूला चाक, चाकाला दांडा. कसं चालवायचं हे सांगणारी मडमच निघून गेलेली. घरातल्या सगळ्यांनी भोवती बसून विचार केला. आमच्या घरात दांडा म्हटला की जात्याचा. आणि जड जात्यावर दोघी बसतात, हे तर पोरसोरही सांगेल. तेव्हा ठरलं की यालाही दोन माणसं लागणार. मामाजी दोन्ही हातांनी कापड धरणार आणि दुसऱ्या कोणी तरी दांडा फिरवायचा. दुसरं कोण? आमचे हे कापायला बसत. आत्याबाईंचे सांधे धरलेले. परक्याला ठेवावं तर तो चार दिवसांत विद्या शिकून शेजारी दुकान मांडील.

"मी फिरवतो ना," आतून आवाज आला.

आवाज माझाच, हे सांगायला नको. मशीन जवळून बघायची हौस! शिवाय एक ऐट होती, माझा हात दुखत नाही म्हणून.

पण ओसरीवर दिवसभर गिऱ्हाइकं बसलेली. तिथं सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं कसं? आत्याबाईंनी तोड काढली. मशीन बरोबर उंबरठ्यावर ठेवायचं. दारात जुन्या लुगड्याचा जाड पडदा. पडद्याच्या बाहेर मामाजी, कापड आणि सुई. पडद्याच्या आत मी. पडद्याला माझा हात जाईल एवढी उभी चीर. चीर उसवून मोठी होऊ नये म्हणून त्या मलाच म्हणाल्या, "कडंनं काजटाका घाल वं. तुह्याच हाताले बरं पडंन."

मी घातला. मन लावून घातला, दोन्ही टोकांना आडवे टाके देऊन. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काज, वीतभर लांब, आणि त्यात बटण म्हणून मी. सकाळी न्याहारी झाली की उजवा हात कोपरापर्यंत त्यातून बाहेर घालायचा, दांडा धरायचा आणि मामाजींच्या तोंडाकडे कान लावून बसायचं. "फिरव." फिरवायचं. "थांब." थांबायचं. "हळू." "अवं, झोपली का?" समोर काय तर लुगड्याचं मळकट सूत. बाहेर काय शिवलं जातं आहे, बाही की पाठ, काही दिसायचं नाही. माशी नाकावर बसली तर डाव्या हातानं हाकलायची. बाहेर गिऱ्हाइकं गप्पा मारत, कोणी कोणाच्या सरकीत दगड घातले, कोणी दुसरं लग्न केलं. गोष्ट रंगात आली की नेमकं मामाजी "फिरव" म्हणत आणि त्या खडखडाटात शेवट बुडून जाई. दीड वर्षात मी अमरावतीतल्या शंभर गोष्टी ऐकल्या आणि एकीचाही शेवट मला ठाऊक नाही.

मशीन थांबलं की सुटका, असं म्हणाल तर तेही नाही. मशीन शिवण घालतं, काज घालत नाही. पूर्वी मामाजी दोन दिवसांत एक कोट हातानं शिवत, तेवढ्यात माझी सहा काजं आरामात होत. आता दिवसाला दोन कोट बाहेर पडू लागले आणि सगळ्यांची काजं आत माझ्या मांडीवर येऊन पडू लागली. त्यांचा वेग वाढवणारा हातही माझाच! सकाळी मी जितका दांडा फिरवीन तितकं संध्याकाळी माझ्याच गळ्यात येणार. हे गणित कळायला मला सहा महिने लागले. मंद म्हणायची सोय नाही, कारण मी तेव्हा स्वतःला घरातली सगळ्यात हुशार समजत होते.

त्यातच मामाजींना एक शोध लागला. त्या मशीनचा टाका वरून साधा दिसे, पण कापडाच्या खालच्या अंगाला त्याची बारीक साखळी पडे. त्यांनी कापड उलटं घालून तांबड्या दोऱ्यानं शिवून पाहिलं, तर कोटाच्या काठावर साखळीची नक्षी उमटली. झालं! गळ्याला साखळी, बाहीला साखळी, खिशाला तीन-तीन ओळी. लोक नांदगाव पेठेहून, वरुडाकडून यायला लागले. साखळी आली म्हणजे दांडा तिपटीनं आला.

असा लग्नानंतरचा तिसरा भादवा आला. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोजी, रोज संध्याकाळी घरोघर गाणी आणि शेवटी डब्यात काय खाऊ आहे ते ओळखायचं. सासुरवाशिणी त्या महिन्यात माहेरी जातात. आधीच्या दोन्ही वर्षी कोटांमुळे माझं जाणं राहिलं होतं. या वर्षी माझी धाकटी बहीण दहा वर्षांची झाली होती आणि तिचं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षात. सासर पार पातूरच्या पलीकडे. म्हणजे दोघींनी मिळून घालवायची ही शेवटची भुलाबाई. तिनं निरोप पाठवला होता, "ताई आल्याबिगर मी शेवटच्या दिवसाचा डबा उघडू देणार नाही." मी तो निरोप मनात इतक्यांदा म्हटला की दांड्याचं चाकसुद्धा त्याच चालीवर फिरू लागलं.

नवरात्र सुरू झालं आणि दादा, माझा थोरला भाऊ, मला न्यायला रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, घेऊन आला. अकोला तीन मुक्कामांवर. दसऱ्याच्या सकाळी निघालं तर कोजागिरीच्या आधी दोन दिवस पोचतो, असा त्याचा हिशेब. त्यानं बैल अंगणात बांधले, पाय धुतले आणि आत्याबाईंना विचारलं.

आत्याबाई म्हणाल्या, "न्या ना. मी कोठी नाही म्हणून राहिली? पण दसऱ्याचे अकरा कोट हायेत पाटलाचे. एकेकाले नऊ काजं. काजं झाली की पाठवतो."

अकरा नवं नव्व्याण्णव. पाटलाच्या घरातले अकरा पुरुष दसऱ्याला एकसारखे कोट घालून सोनं लुटायला जाणार होते. छातीला पाच बटणं, बाह्यांना चार. बाह्यांच्या काजांत बटण कधी जाणारही नव्हतं, ती शोभेची.

"अन् ध्यानात ठेव," त्या माझ्याकडे वळल्या, "नवमीले सुया देवापुढं जातीन. त्या दिवशी टाका नाही. अष्टमीच्या दिवेलागणीले झालं ते झालं."

खांडेनवमीला शिंप्याच्या घरात सुई, कात्री, गज, सगळं धुऊन पाटावर मांडतात, झेंडूची फुलं वाहतात. त्या दिवशी हत्याराला विसावा. कोणाचं कितीही अडलं तरी टाका पडायचा नाही. माझ्या हाताला असा विसावा देणारा सण मात्र पंचांगात नव्हता.

मी जीव तोडून बसले. दिवसभर दांडा होताच, मधल्या वेळात काजं. दादा अंगणात बैलांशी बोलत बसे. मध्येच पडद्याजवळ येऊन विचारी, "किती झाली वं?" मी म्हणे, "सोळा." दुसऱ्या दिवशी, "तेहतीस." तो बिचारा बोटं मोजी आणि परत बैलांकडे जाई. सप्तमीच्या सकाळी एक्कावन्न झाली होती. अठ्ठेचाळीस उरली होती, हातात पावणेदोन दिवस. होणार नव्हती. हे मला कळलं होतं, दादालाही कळलं होतं, आणि आत्याबाईंना तर पहिल्या दिवसापासूनच कळलेलं असणार.

त्याच दुपारी मामाजी आणि आमचे हे पितळी बटणं आणायला बाजारात गेले. आत्याबाई अंबादेवीला ओटी भरायला गेल्या. दादा बैल घेऊन पाण्यावर. घरात मी आणि ते मशीन, बस.

मी पडदा बाजूला सारला आणि दीड वर्षात पहिल्यांदा पलीकडे जाऊन बसले. मामाजींच्या पाटावर! पाट अजून ऊन होता. आधी नुसती बघत राहिले. मग एक चिंधी सुईखाली सरकवली, डाव्या हातानं धरली, उजव्या हातानं दांडा फिरवला. चिंधी पुढे सरकली. टाका पडला. पुन्हा फिरवला. पुन्हा पडला.

एका माणसाचं काम होतं ते.

खरं तर मी तिथंच रडायला पाहिजे होतं, नाही तर अंगणात जाऊन ओरडायला पाहिजे होतं. दीड वर्ष मी त्या भोकात हात घालून बसले होते, आणि त्या मडमेनं ते मशीन एकटीनं, खिडकीशी बसून, चहा पीत पीत चालवलं असेल! पण त्या पोरीच्या डोक्यात एकच गोष्ट होती, अठ्ठेचाळीस. तिनं चिंधीवर एकमेकींना लागून दोन ओळी शिवल्या, टोकांना आडवी शिवण घातली आणि मधून कात्रीनं चीर दिली. झालं काज! उलटं घातल्यामुळे वर साखळीची नक्षी. माझ्या हाताच्या काजापेक्षा देखणं. टाका पक्का आहे की नाही ते पाहावं म्हणून दोऱ्याचं एक टोक धरून ओढलं. हललं नाही. जोरानं ओढलं. तरी हललं नाही. माझी खात्री पटली. मी ओढलं ते सुरुवातीचं टोक होतं. दुसरं ओढून पाहायची बुद्धी झाली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

साखळीचा टाका सुरुवातीकडून ओढला तर आवळतो आणि शेवटाकडून ओढला तर सगळाच्या सगळा सुटून येतो. म्हणून शिवण संपली की शेवटचा दोरा फासातून ओढून गाठ मारावी लागते. मामाजी प्रत्येक शिवणीला ती मारत. पण ते पडद्याच्या पलीकडे मारत. मी आत "थांब" ऐकून थांबलेली असे; त्या थांबण्यात ते काय करतात हे मला कधी दिसलंच नव्हतं.

मी एकेचाळीस काजं घातली. मध्ये एकदा पदरही शिवून टाकला, तो कात्रीनं सोडवला. चिरांना खळ लावून कडा बसवल्या. आत्याबाई ओटी भरून आल्या तेव्हा मी पडद्याच्या आत, सुई हातात घेऊन, मान खाली घालून. अष्टमीला उरलेली सात हातानं, रमतगमत केली. दिवेलागणीला आत्याबाईंनी कोट मोजून घेतले. मशीनच्या काजावर बोट फिरवून म्हणाल्या, "हे कसं गं वेगळं दिसून राहिलं?"

"नक्षीचं हाय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "गाठोडं बांध." मी इतकी हुरळले की त्यांच्या पायावर डोकं ठेवताना तोल जाऊन आपटले.

नवमीला सकाळी पूजा झाली. मशीन देवघरात पाटावर, गळ्यात झेंडूची माळ. पडदा मात्र दारात तसाच होता. पाटील स्वतः कोट न्यायला आले, सोबत तिघे भाऊ. मी आतून त्या चिरेला डोळा लावला. हात घालायच्या भोकाचा असाही उपयोग होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पाटलांनी कोट अंगात घातला. छाती फुगवून इकडून तिकडे फिरले. बटण लावायला गेले आणि थांबले. "शिंपीबुवा, हे काय लोंबून राहिलं?"

दोऱ्याचं टोक होतं. त्यांनी ते चिमटीत धरलं आणि ओढलं.

सर्रर्र! आवाज असा गोड की मला अजून आठवतो. एक अख्खी ओळ दोरा होऊन त्यांच्या हातात आली. पाटील दोऱ्याकडे बघतात, भोकाकडे बघतात. दुसरं टोक ओढलं. सर्रर्र. कडा फिसकटल्या आणि काजाच्या जागी उंदरानं कुरतडल्यासारखं भोक राहिलं. त्यांचे भाऊ पुढे सरसावले. "मले पाहू दे." "थांब, माह्या बाहीले हाय एक." मोठी माणसं, मिशांवर तुपाचा हात फिरवणारी, पण हातात सुटणारा दोरा आला की माणूस पोर होतो. मामाजी "अहो, अहो" करेपर्यंत चौघांनी मिळून तेरा-चौदा काजं उसवली. आणि वर हसत होते!

मामाजींनी एक कोट उचलून पाहिला. त्यांना कळायला वेळ लागला नाही. "हे मशीनचं काम हाय," ते हळूच म्हणाले. "मशीनले कोणं हात लावला?"

आमचे हे जमिनीकडे पाहत होते. दादा अंगणातून ओसरीच्या पायरीवर येऊन उभा राहिला होता. मी आतून म्हणाले, "म्या."

"तू? अन् दांडा कोणं फिरवला?"

"म्याच."

"मंग कापड कोणं धरलं?"

"ते बी म्याच धरलं."

मामाजींना बहुतेक उत्तर समजत होतं पण पटत नव्हतं. पाटील मात्र खो खो हसायला लागले. "म्हणजे शिंपीबुवा, तुमाले दोन माणसं लागतात अन् सुनेले एकच! मंग दीड वर्स तुमी काय करून राहिले होते?"

मामाजींचा चेहरा मी त्या चिरेतून पाहिला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते पाटावर बसले आणि आपल्याच दोन्ही हातांकडे बघत राहिले.

पाटलांना दुसऱ्या दिवशी दुपारी सोनं लुटायला जायचं होतं. मामाजींनी हात जोडले, "आज सुई देवापुढं हाय. आज टाका घेता येत नाही. उद्या पूजा उठली की बसतो." दसऱ्याच्या दिवशी सकाळपासून मामाजी, हे आणि मी, तिघं काजं करायला बसलो. पुरुषांनी काजं केलेली त्या घरात कोणी पाहिली नव्हती. यांचं काज म्हणजे हनुवटीवरची जखम शिवल्यासारखं. पाटलाची माणसं ओसरीवर ओळीनं बसली होती. छातीची काजं कशीबशी झाली, बाह्यांची उघडीच राहिली, आणि तसेच कोट घालून अकराही जण सोन्याला गेले.

दादानं रेंगी जुंपली होती. आत्याबाईंना तो म्हणाला, "मामी, आता तरी पाठवा. मी एक दिवस थांबतो, उद्या निघू. तरी पोचतो."

आत्याबाई ओरडल्या नाहीत. "काजं झाली की पाठवतो म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "झाली का?"

झाली नव्हती. खोटं बोलून झाली म्हणायची सोयही आता उरली नव्हती. दादा माझ्याकडे पाहून म्हणाला, "तू काहून अशी उलट्या डोक्याची गं?" आणि बैलांच्या वेसणीशी उगीच खटपट करत राहिला. शेवटी एकटाच निघाला. मी गाठोडं सोडलं, त्यातली बहिणीसाठी घेतलेली चोळी काढून त्याच्या मागे धावले, तर कोपऱ्यावर रेंगी वळलेली. कोजागिरीच्या दिवशी अकोल्यात डबा कोणी उघडला, कोणी ओळखला, मला कळलं नाही. मी त्या दिवशी बाह्यांची काजं करत होते.

मामाजींनी पडदा काढून टाकला. तुम्ही म्हणाल, सुटली पोरगी! मशीनच आत आलं. एकाच माणसाचं काम आहे हे मी सगळ्या गावासमोर सिद्ध केलं होतं, मग दोन माणसं कशाला अडकवायची? आता दांडाही माझा, कापडही माझं, साखळीची नक्षी माझी आणि काजं तर होतीच. मामाजी बाहेर बसून बेतत आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारत. गोष्टींचे शेवटच काय, आता सुरुवातही ऐकू येईना. ज्या खोलीत मी बसे तिला खिडकी नव्हती.

मार्गशीर्षात बहिणीच्या लग्नाला मात्र, जाण्यायेण्याचे दिवस सोडून, चार दिवसांची परवानगी मिळाली. तीन मुक्काम करून हळदीच्या दिवशी पोचले. बहीण हळदीत बसलेली, पिवळीधमक, एवढीशी. मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. भोवती पन्नास बायका. कोणी तिला उठवतंय, कोणी बसवतंय, कोणी काजळ घालतंय. मला तिच्याजवळ जायला मिळेना. एवढ्यात माझी काकू एक कोट घेऊन आली. "अवं, तू आली ते बरं झालं. नवरदेवाच्या कोटाची काजं राह्यली. तू तं मशीनवाली! दे बसून करून."

इथंही! मी कोट घेतला आणि धान्याच्या कणगीमागे कोपऱ्यात जाऊन बसले. हातानं करत होते, पहिलंच काज. थोड्या वेळानं शेजारी काही तरी टेकलं. बहीण होती. बायकांच्या हातातून निसटून आली होती.

"तू आली नाही," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. पाटलानं दोरा ओढला तिथं आले तेव्हा ती हसली. "सर्रर्र?" तिनं विचारलं. "सर्रर्र," मी म्हणाले. तिनं मला ते चारदा सांगायला लावलं.

बाहेर काकू ओरडली, "नवरी कोठी गेली?" मग आत डोकावली. "काय करून राहिल्या गं दोघी?"

"काजाचा दोरा धरते ती," मी म्हणाले. "एकटीनं होत नाही हे."

काकू म्हणाली, "लवकर कर," आणि गेली. मी काजाचे शेवटचे सहा टाके उसवले आणि पुन्हा घालायला सुरुवात केली. ते झाले तेव्हा पुन्हा उसवले. बहीण दोऱ्याचं टोक दोन बोटांत धरून, मांडीला मांडी लावून बसली होती आणि पातूरच्या वाटेवर लेणी आहेत, त्यात भूत राहतं का, असं विचारत होती. काकू आणखी दोनदा येऊन गेली. तिसऱ्या खेपेला माझी आईच आली, माझ्या मांडीवरचं काज पाहिलं, टाके उसवल्याच्या खुणा तिला दिसल्या नसतील असं होणारच नाही, आणि ती बाहेर जाऊन काकूला म्हणाली, "कठीण कापड हाय. वेळ लागते."

नवरदेव बोहल्यावर उभा राहिला तेव्हा त्याच्या कोटाची वरची दोन बटणं उघडीच होती.